खटका पडायचा थांबला

एसीचा खटका रोज पडत होता तोवर प्रतिक्षाला सासऱ्यांची काळजी नव्हती. वैताग होता, चिडचिड होती, पण काळजी नव्हती. खटका पडायचा थांबला आणि त्या दिवसापासून काळजी सुरू झाली. मोहोळच्या पंचायत समितीत ती टेबलापाशी बसून कागद पुढे सरकवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तरं द्यायची, पण मन सोलापुरातल्या त्या एका खोलीत असायचं. तिथे दार लावून, गार हवेत, संगप्पा आणि त्यांची सहा वर्षांची नात श्री दुपारची आडवी झालेली असत.

कुणाला सांगावं तर लोक हसले असते. एसी चालत नाही म्हणून माणसं तक्रार करतात. एसी चालतोय म्हणून कोण घाबरतं?

संगप्पा मूळचे वळसंगचे. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि ती शाळाही मिसरूड फुटायच्या आत सुटलेली. आईच्या भावाचं बोट धरून सोलापूरला आले आणि टॉवेलच्या एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसले. पुढे मागावर उभे राहिले आणि त्याच्याही पुढे जॉबर झाले. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक मारतात तो माणूस. मालक तेलुगू बोलणारे, कामगार कानडी नाहीतर मराठी बोलणारे, आणि मागांच्या खडखडाटात यातली कुठलीच भाषा कुणाला ऐकू यायची नाही. म्हणून सगळे हातानं बोलायचे. दोन बोटं एकमेकांवर घासली की धागा तुटला. मूठ गोल फिरवली की चालू ठेव. तळवा आडवा धरला की बंद कर.

त्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू खाऊन टाकले. डाव्या कानानं काही ऐकू येत नाही, उजव्यानं मोठ्यानं बोललं तर येतं. कापसाच्या कणांनी नाकही गेलं. जे काही शिल्लक होतं ते तपकिरीनं संपवलं. वरण करपलेलं सगळ्या घराला कळतं, त्यांना ताटात आल्यावर कळतं. त्यावर ते स्वतःच हसतात. "माज्यासाठी करपलेलं बी चालतंय की. तुमी आपलं चांगलं खावा."

माणूस वाईट नाही. उलट इतका मायाळू, की लग्न होऊन आली तेव्हा प्रतिक्षाला स्वतःच्या वडिलांपेक्षा हेच जवळचे वाटायला लागले होते. तिला नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे त्यांनी वाटले. श्री झाली तेव्हा तिचे लंगोट त्यांनी धुतले आणि बघणाऱ्या बायकांना म्हणाले, "का, जॉबरला काय हे जमत न्हाय?" श्रीला त्यांनी मागावरची हातांची भाषा शिकवली. आता आजोबा आणि नात जेवताना न बोलता हातवारे करतात. तळवा आडवा धरून श्री सांगते, अज्जा, भात पुरे.

पण जॉबर म्हणून त्यांचं नाव झालं ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे. कारखान्यात फ्यूज उडाला की केसासारखी बारीक तार बांधायची, म्हणजे ताण वाढला की ती वितळून करंट तुटतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. कारखान्यातली रीत निराळी होती. मालक दारात उभा, सगळे माग गप्प, ऑर्डर द्यायची तारीख डोक्यावर. अशा वेळी संगप्पा जुन्या वायरीतून तांब्याच्या चारपाच तारा सोलून काढायचे, त्यांना पीळ देऊन दोरीसारखं जाड करायचे आणि फ्यूजमध्ये बांधून टाकायचे. तो फ्यूज परत म्हणून उडायचा नाही. माग धाडधाड सुरू. 'संगप्पानं बांधलेला फ्यूज' अशी म्हणच पडली होती त्या भागात. पुन्हा उडणार नाही असा फ्यूज बांधतो तो खरा जॉबर.

एका कारखान्यात त्यातून आग लागली होती. माणसं वाचली, सुताची बाचकी गेली. तेव्हा सगळ्यांनी बिडीवर खापर फोडलं.

पुढे संगप्पांनी स्वतःचे चार माग घेतले, घरामागच्या जागेत पत्र्याची शेड उभी केली, वायरिंग स्वतः केलं. धंदा बसला तसे माग भंगारात गेले. शेडीत विटांच्या भिंती घालून खोल्या काढल्या. तारा मात्र त्याच राहिल्या. जुनी तार कमी पडली तिथे दुसरी जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि गिलावा मारून टाकला. मुलाचा संसार त्याच खोल्यांत उभा राहिला.

त्यांची बायको नागव्वा गेली ती उन्हाळ्यातच. भारनियमनाची वर्षं होती. तिला ताप होता, छातीत घुसमट होत होती, आणि ऐन दुपारी करंट गेला. संगप्पा ओल्या टॉवेलनं वारा घालत बसले. हात दुखून आला तरी घालत राहिले. करंट आला, पंखा फिरायला लागला, तेव्हा नागव्वा राहिली नव्हती. हे त्यांनी प्रतिक्षाला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता, मान वर न करता. "पंका वेळंवर फिरला असता तर," एवढंच म्हणाले आणि शेंगा फोडत राहिले.

त्यामुळे यंदा चैत्रातच श्रीला ऊन लागलं, उलट्या झाल्या, पोर मलूल होऊन पडली, तेव्हा सगळ्यात जास्त हादरले ते संगप्पाच. सिद्धू, म्हणजे प्रतिक्षाचा नवरा, तळेगावला कंपनीत असतो आणि महिन्यातून एकदोनदा घरी येतो. त्याला फोन करून ते ओरडले, "एसी आन. उद्याच्याला आन." आणि एसी आला.

तो आला आणि खटका पडायला लागला. खोलीतल्या बटणांच्या पेटीत जो लहान काळा खटका, ताण वाढला की आपोआप करंट तोडणारा, बसवला होता, तो एसी लावल्यावर थोड्या वेळानं टक्कन खाली यायचा. वर केला की पुन्हा थोडा वेळ गार, पुन्हा टक्कन. संगप्पांना आवाज यायचा नाही. अंगाला घाम फुटला की कळायचं.

गल्लीच्या तोंडाशी आरिफचं फ्रिज-एसीदुरुस्तीचं दुकान आहे. त्याला बोलावलं. तो आधी गच्चीवर गेला आणि वरूनच हाका मारायला लागला.

"भाभी, वर या की जरा! हे बघा!"

प्रतिक्षा वर गेली. बाहेरच्या युनिटच्या जाळीवर कापसाचा पांढरा थर बसला होता. शेजारच्या शेडीतले माग अजून चालतात, त्यांचा सगळा कोंडा वाऱ्यानं येऊन चिकटलेला.

"याला पण चादर पांघरली तुमी," आरिफ म्हणाला. "एवढ्या उन्हात चादर घेतल्यावर त्याचा जीव गुदमरणारच."

त्यानं जाळी धुतली. दोन दिवस चाललं, मग पुन्हा टक्कन.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा गंमत करत नव्हता. त्यानं दुकानातून जाड केबल आणली, जिन्याखालच्या मीटरपासून सरळ एसीपर्यंत उघड्यावरून ओढली आणि भिंतीतल्या तारेला बाजूला ठेवून एसी चालू केला. सगळी दुपार एसी चालला. खटका एकदाही पडला नाही. मग आरिफनं बटणांची पेटी उघडली. आत खटक्याला जोडलेलं तारेचं टोक काळं पडलं होतं. पकडीनं धरलं तर वरचं प्लास्टिक पापडासारखं मोडून खाली पडलं.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आजार भिंतीत आहे. आत कुठंतरी जुने जोड आहेत, ते तापायलेत. ही तार एसीची नाहीच. मीटरपासून नवी लाइन टाका, अर्थिंग करा. तोवर एसी लावू नका, भाभी. खरंच सांगायलोय."

"काय म्हणतंय पोरगं?" संगप्पांनी उजवा कान पुढे केला.

प्रतिक्षानं मोठ्यानं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"भिंत मी बांदली, तार मी वढली. आजार तुज्या डोस्क्यात हाय!"

"चाचा, रागावू नका. हा खटका पडतो म्हणजे राखणदार शिट्टी मारायलाय."

"दिवसभर शिट्टी मारनारा राखनदार कोन ठेवतंय? मी एवड्या शेडी चालवल्या. तवा तू कुटं होतास?"

"अम्मीच्या पोटात पण नव्हतो, चाचा. पण तार म्हातारी झाली."

म्हातारी हा शब्द जायला नको होता. संगप्पांनी त्याचा पाना उचलून त्याच्या हातात दिला आणि दाराकडे बोट केलं. "पुन्यांदा या उंबऱ्याच्या आत दिसायचं न्हाय."

त्याच आठवड्यात प्रतिक्षा एका संध्याकाळी मोहोळहून परतली तर खोली गारेगार. श्री रजई घेऊन बसलेली, संगप्पा खाटेवर मांडी घालून, जिंकल्यासारखे. बटणांच्या पेटीवर सिद्धेश्वराची तसबीर टांगलेली होती.

"खटका?" तिनं विचारलं.

त्यांनी मूठ गोल फिरवली. चालू.

तिनं तसबीर उचलून पाहिली. काळा खटका गेला होता. त्याच्या जागी शेडीतला जुना, चिनी मातीचा पांढरा फ्यूज बसवलेला, आणि त्यात पीळ दिलेल्या तांब्याची सुतळीएवढी जाड दोरी.

त्या संध्याकाळी ती सासऱ्यांशी भांडली, आयुष्यात पहिल्यांदा. तार तापली की आता काहीच थांबणार नाही, हे तिनं ओरडून, हातवारे करून, रडकुंडीला येऊन सांगितलं. ती बी.एस्सी. झालेली, शाळेतल्या पोरासारखं त्यांना समजावत बसली. संगप्पा शांतपणे ऐकत होते.

"एनिल्ल, एनिल्ल," ते म्हणाले. काही नाही, काही नाही. "अगं, एवड्या वर्सांत माजा फ्यूज कुटं दगा देतोय? पोरीच्या डोक्यावरचा वारा मी थांबू देनार न्हाय." मग म्हणाले, "आन एक ध्यानात ठेव. घरचा करंट दुसऱ्याच्या हातानं बंद करायला लावशील, त्या दिवशी मी वळसंगला जाईन. परत येनार न्हाय."

सिद्धूला फोन केला तर तो म्हणाला, "पप्पांनी कारखाने चालवलेत गं. तू उगीच टेन्शन घ्यायलीस. दिवाळीला सगळं वायरिंग नवीन करू की." तिनं दुसरा एक वायरमन ठरवला, रविवारी तो आला तेव्हा ती भाजी आणायला गेली होती, आणि संगप्पांनी त्याला दारातूनच चहा पाजून परत पाठवला. घरी असताना ती एसी लावू देत नसे. कामावर जाताना रोज हात जोडून सांगे, मामा, पंखा लावा, ओलं फडकं लावा, एसी नको. ते रोज मान हलवत. आणि रोज संध्याकाळी खोलीत आलं की गारवा अजून गेलेला नसे.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. तसबिरीभोवतीचा पिस्ता रंग मळकट झालाय असं वाटलं. वाटलं, तेलकट हात लागले असतील. खोलीत कसलातरी वास, मासळीसारखा; वाटलं, गटार तुंबलं असेल. एके दिवशी तिनं भिंतीला तळवा लावला तर भिंत कोमट होती. सोलापूरच्या वैशाखात कुठली भिंत गार असते, म्हणून तिनं हात काढून घेतला. स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती उभी आहे ती त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला. त्या भिंतीला ऊन लागतच नाही. उन्हाची भिंत पलीकडची.

त्या दिवशी तिनं सिद्धूला पुन्हा फोन केला आणि या शनिवारी घरी ये म्हणाली, बाकीचं काही ऐकून घेतलं नाही. तो हो म्हणाला. शनिवारपर्यंत काही होणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. तिला ते पटलं नाही, पण सकाळी ती मोहोळच्या एसटीत बसली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत श्रीचा व्हिडिओ कॉल येतो, तसा आजही आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग श्रीचं नाक.

"आई, आज मी अज्जाला पण भरवलं."

"शाब्बास. एसी लावलाय का गं?"

श्रीनं फोन फिरवला. संगप्पा खाटेवर उजव्या कुशीवर पडले होते, म्हणजे ऐकू येणारा कान उशीत. डोळे उघडे. फोन बघून त्यांनी हसून हात वर केला.

प्रतिक्षानं काही ऐकलं नाही, फक्त पाहिलं. त्यांच्या डोक्यामागे, तसबिरीच्या खालून, भिंतीवर चहा सांडल्यासारखा तपकिरी ओघळ उतरला होता. सकाळी तो नव्हता.

ऑफिसात समोर दोन माणसं दाखल्यासाठी उभी होती. त्यांच्यासमोर ती ओरडली, "मामा! बंद करा!" त्यांना ऐकू येणार नाही हे कळत असूनही ओरडली. मग तिनं तळवा आडवा धरून फोनसमोर नेला, जितका जवळ नेता येईल तितका. बंद करा.

त्यांना कळलं. ते तिला दिसलं. जॉबर ही खूण विसरत नाही. ते क्षणभर बघत राहिले, मग लहान मुलाची समजूत घालावी तसे हसले, मूठ गोल फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

"आई, अज्जा झोपला," श्री हळूच म्हणाली. "आई, इथं घाण वास यायलाय. प्लास्टिकसारखा. अज्जाला येत नाही."

"श्री, ऐक. एसीचं बटण बंद कर."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आई, बटण गरम आहे."

"हात लावू नकोस! श्री, काही हात लावू नकोस. खाली उतर. उतरलीस का?"

"हो."

"आता बाहेर जा. अंगणात जाऊन उभी राहा."

"दाराला वरची कडी लावलीय. गार हवा जाती म्हणून. अज्जाच लावतो."

"अज्जाला उठव. जोरात हलव."

पडद्यावर छत, खाटेचा पाय, पुन्हा छत. "अज्जा, अज्जा" असा बारीक आवाज. एक घोगरं "झोप की गं." आणि चित्र थिजलं, कॉल तुटला. तिनं परत लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. या वेळी 'संपर्काबाहेर' असं उत्तर आलं.

सिद्धू शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. शेजारी सगळे माग चालू. तिथे फोन खिशात वाजला तरी कळत नाही. ती इथून निघाली, अगदी जीप पकडून निघाली, तरी हायवेवरून पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

राहिला आरिफ. दुकानात बसलेला असेल, दोन मिनिटांत जिन्याखाली पोचेल, मीटरशेजारचा मेन स्विच खाली ओढेल. मग दार वाजवेल, वाजवून उपयोग नाही म्हणून खांद्यानं तोडेल, आणि सगळी गल्ली बघायला गोळा होईल. संगप्पा जॉबर डोळे चोळत बाहेर येतील, तेव्हा त्यांच्या घरचा करंट दुसऱ्यानं बंद केलेला असेल, त्यांच्याच सुनेच्या सांगण्यावरून. ज्याला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलं त्याच्याच हातानं. आणि समजा आत काही झालंच नाही, नुसताच डाग आणि नुसताच वास निघाला, तर ते खरंच पिशवी भरतील. शब्दाचा माणूस. वळसंगच्या रिकाम्या घरात एकटे जाऊन बसतील, आणि श्री रोज विचारेल, अज्जा कुठाय.

विचारू दे. विचारायला ती असू दे.

"मॅडम, दाखला..." समोरचा माणूस म्हणाला.

प्रतिक्षानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनमध्ये आरिफचं नाव शोधलं आणि लावला.